हळदीच्या तेलात कर्क्युमिन उतरत नाही

वाफेने काढलेल्या हळदीच्या तेलात कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य, उतरते, म्हणून ते तेल हळदीपेक्षा गुणकारी, असे कोणी कोणी म्हणतात; ते मान्य करता येत नाही. कर्क्युमिन बाष्पनशील, म्हणजे वाफेबरोबर उडून जाणारे, नाही, त्यामुळे ते आणि त्याच्यासोबतचा गडद पिवळा रंग भांड्यातील चोथ्यातच राहतो. वाफेबरोबर वर येतात ती मुख्यतः टर्मेरोन वर्गातील द्रव्ये, आणि आमच्या सांगलीच्या बाजारात हळकुंडांचे पोते सोडताच जो उग्र, मातकट वास नाकात शिरतो तो बराचसा त्यांचाच असतो. त्यांचा उत्कलनबिंदू बराच वरचा असल्यामुळे भरड कुटलेली हळकुंडे कित्येक तास वाफेवर ठेवावी लागतात. तासाभरात आच बंद करणाऱ्यांना तेल कमी मिळते ते यामुळेच. रंग आणि वास दोन्ही हवे असतील तर द्रावक (पदार्थ विरघळवून घेणारा द्रव) वापरून ओलिओरेझिन, म्हणजे तेल आणि राळ यांचा दाट अर्क, काढतात, पण ते द्रावक ज्वालाग्राही असल्याने घरच्या शेगडीजवळ हा प्रयोग कृपया कोणीही करू नये.

अशाच रीतीने वाफेने काढलेले लवंगेचे तेल पाण्यावर तरंगताना दिसले नाही, अशीही एक तक्रार असते. त्यातील मुख्य घटक युजेनॉल पाण्यापेक्षा जड असते, तेव्हा जमा झालेले पाणी ओतून टाकण्यापूर्वी काचेच्या भांड्याचा तळ पाहावा. फिकट पिवळसर थेंब तिथे बसलेले सापडतील.