पाम बीचवर ११२: कोर्टात कबूल करून मोकळं व्हावं, की केस लढवावी?

नौपाडेकर (धागाकर्ता)

माझा भाचा २४ वर्षांचा, राहायला सानपाड्याला. रात्री साडेबाराच्या सुमारास नवी मुंबईतल्या पाम बीच रोडने बेलापूरकडून वाशीकडे येताना त्याला अडवलं. स्पीडगनवर ११२. शिवाय दोन गाड्यांच्या मधून डावीकडून गाडी काढली, असं फिर्यादीत लिहिलंय. दारू प्यायलेला नव्हता, कुणाला लागलं नाही. पण चलान देऊन सोडलं नाही. ठाण्यात नेऊन अटक दाखवली आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) व मोटार वाहन कायद्याचं १८४ (धोकादायक पद्धतीने चालवणं) लावलं. जामीनपात्र असल्याने पहाटे जातमुचलक्यावर घरी आला. आता दोषारोपपत्र दाखल झालंय आणि बेलापूर कोर्टाचं समन्स हातात आहे. गाडी अजून ठाण्याच्या आवारात धूळ खातेय.

घरात दोन तट पडलेत. ताई आणि भावोजी वकिलाचं ऐकायच्या मनःस्थितीत आहेत: "पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करायचा, दोन-तीन हजार दंड होईल, दुपारी जेवायला घरी." मला हे पटत नाही. पोरगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. त्याला घरात जे ऐकवायचं ते ऐकवून झालंय. माझा आक्षेप वेगळा आहे. लोक चलान आणि फौजदारी गुन्हा एकाच पंक्तीला बसवतात. चलान मोबाईलवर भरलं की विषय संपला. कोर्टात उभं राहून "कबूल आहे" म्हटलं की ती दोषसिद्धी, मग दंड पाचशे रुपयेच का असेना. वकिलाला फाईल मिटवायची आहे, पोराला आयुष्यभर फॉर्म भरायचे आहेत.

उलट मत असणाऱ्यांनी जरूर लिहावं. 'कुणालातरी फोन लावा' हा सल्ला कृपया नको.

जुईनगरचा_जय

माझं उलट मत. लढवा म्हणणं सोपं आहे, दर तारखेला रजा टाकून बेलापूरला जाऊन बसणं कठीण. साक्षीदार हवालदार बंदोबस्तात, साहेब रजेवर, पुढची तारीख घ्या. दंडाच्या कितीतरी पट पैसे वकिलाच्या फीमध्ये जातात.

आणि फॉर्मचं म्हणाल तर पासपोर्ट कायदा वाचा. कलम ६(२) प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणायची, तीही ठरावीक मुदतीची. याउलट शिक्षा झालेल्याला आडवी येणारी अट काय आहे? मागच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान २ वर्षं कैद. जोरात गाडी चालवून झालेला दंड त्यात कुठे बसतो? म्हणजे गंमत बघा, लढणारा लटकतो आणि कबूल करणारा विमानात बसतो. तुमच्या ताईंचा वकील मला तरी व्यवहारी वाटतो.

काळा_कोट

जय यांचा पासपोर्टचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. मी ठाण्यात फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

'दोन-तीन हजार दंड' हे वकिलाने अनुभवावरून सांगितलंय, कायद्यावरून नाही. २८१ ला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८४ मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदललंय. पहिल्या गुन्ह्याला कैद दिलीच तर ६ महिन्यांच्या खाली देता येत नाही, वर १ वर्षापर्यंत. किंवा १००० ते ५००० दंड. 'किंवा' आहे म्हणून बहुतेक वेळा दंडावर भागतं, पण ठरवणार न्यायाधीश, वकील नव्हे. त्याहून महत्त्वाचं, ३ वर्षांच्या आत पुन्हा १८४ लागलं तर तो दुसरा गुन्हा: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. आणि सिग्नल तोडणं, हातात मोबाईल धरून चालवणं, उलट्या दिशेने गाडी घालणं हेही आता १८४ मध्येच येतं. आज कबूल करून उद्या तीन हात नाक्याचा सिग्नल तोडला, तर काय होईल याचा विचार करा.

दुसरं, नुसता वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश (१९९८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की 'हाय स्पीड' हा सापेक्ष शब्द आहे, तेवढ्यावरून निष्काळजीपणा गृहीत धरता येत नाही. २८१ साठी मानवी जीव धोक्यात येईल असं चालवणं सिद्ध करावं लागतं. आणि नुसत्या वेगाचं जे कलम आहे, १८३, त्यात कैदच नाही. हलक्या वाहनाला १००० ते २००० दंड. तिथेही एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा करता येत नाही, यंत्राचा आधार लागतो. म्हणून स्पीडगन बरोबर मोजते याचं प्रमाणपत्र, त्याची तारीख, पंचनामा आणि दोषारोपपत्र घटनेपासून वर्षाच्या आत दाखल झालंय का, एवढं न पाहता कबुली देणं म्हणजे न वाचता सही करणं.

गाडीसाठी वेगळा अर्ज करा. सुंदरभाई अंबालाल देसाई (२००२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहनं पोलीस ठाण्यात सडवत ठेवू नका असं स्पष्ट म्हटलंय. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर मिळते.

चालत_जाणारी

वाचून डोकं फिरलं. सापेक्ष शब्द म्हणे!

मी नेरुळला राहते. सकाळ-संध्याकाळ पाम बीच ओलांडून ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेच्या बाजूला फिरायला जाणारी आमच्यासारखी शेकडो माणसं आहेत, त्यात गुडघे दुखणारी, नातवाचा हात धरलेली. ११२ म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. ६० ने येणाऱ्या गाडीला ब्रेक लावल्यावर जेवढं अंतर लागतं, त्याच्या जवळजवळ साडेतीन पट ११२ ला लागतं. केंद्राच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात. आणि इथे चर्चा कसली, तर स्पीडगनच्या प्रमाणपत्राची तारीख!

कुणाला लागलं नाही हे भाच्याचं कर्तृत्व नाही. त्या वेळी रस्त्यात कुणी नव्हतं, एवढंच. दिवसभर कंपनीत शिफ्ट करून रात्री साडेबाराला सायकलवरून घरी जाणारा एखादा वॉचमन मध्ये आला असता, तर हाच धागा कलम १०६ वर, म्हणजे निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूवर निघाला असता. तिथे ५ वर्षांपर्यंत कैद आहे, वकीलसाहेबांना माहीतच असेल. नौपाडेकर, तुमच्या ताईंचं बरोबर आहे, फक्त कारण चुकलंय. कबूल करावं ते लवकर सुटण्यासाठी नव्हे, केलंय म्हणून.

काळा_कोट

ताई, तुमचा राग रास्त आहे. पण 'केलंय' म्हणजे नक्की काय केलंय? ११२ ने चालवली हे त्याने केलंय. जीव धोक्यात घालून चालवली, हे सरकारपक्षाने सिद्ध करायचंय. दोन्हीसाठी कायद्यात वेगळी कलमं आहेत. हा फरक आज भाच्यासाठी नको असेल, तर उद्या तुमच्या मुलीच्या गाडीला कुणी ६५ च्या वेगावर २८१ लावलं, तेव्हा कुठून आणणार?

चालत_जाणारी

माझी मुलगी बसने जाते. उदाहरण दुसरं शोधा.

जुना_बिल्ला

वाहतूक शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. नाव आणि ठाणं विचारू नये.

वेग जास्त दिसला की आम्ही उचलत नाही. तसं केलं तर कोठडीत जागा पुरणार नाही. साध्या वेगाला चलान. गणवेशातल्या पोलिसाच्या डोळ्यांदेखत १८४ घडलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देतं. तरी बहुतेक वेळा नोटीस देऊन सोडतात, कारण सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का केली याची कारणं लिहावी लागतात, आणि ती लिहायची कुणालाच हौस नसते. म्हणून धागाकर्त्याला विचारतो: तिथे आणखी काय झालं? पोरगं काही बोललं का?

वकीलसाहेबांच्या मताशी एका बाबतीत सहमत नाही. २८१ मध्ये स्पीडगन हा जोडपुरावा. डावीकडून, दोन गाड्यांच्या मधून काढली हे पाहणारा पोलीस कोर्टात ठाम उभा राहिला आणि त्यातल्या एका गाडीवाल्याचा जबाब असला, तर सतीशचा निकाल काढून फायदा नाही. तो निकाल नुसत्या वेगाचा आहे, इथे नुसता वेग नाही.

नौपाडेकर

बिल्लासाहेब, बरोबर ओळखलंत. त्याने मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि "कोणत्या कलमाखाली थांबवलंत" म्हणून हुज्जत घातली. रेकॉर्डिंग करणं गुन्हा नाही असं मला वाटतं, पण साडेबारा वाजता रस्त्याच्या कडेला कायद्याचा तास घ्यायची गरज नव्हती. एका गाडीवाल्याचा जबाब दोषारोपपत्रात आहे, हेही खरं. मी ते काल वाचलं. ताईच्या वकिलाने वाचलेलं नाही, याची मात्र खात्री आहे.

पिवळी_पट्टी

खारघरला राहतो, टॅक्सी चालवतो. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात लायसन कुठेच आलं नाही, म्हणून लिहितो.

कोर्ट एक, आरटीओ दुसरं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने सांगितलं की अतिवेग, सिग्नल, मोबाईल, दारू अशा गुन्ह्यांत लायसन किमान ३ महिने निलंबित करा. तेव्हापासून वाशीच्या आरटीओत पोलिसांचे प्रस्ताव जातात. तुमचा भाचा ३ महिने ट्रेनने ऑफिसला जाईल. आमच्या लाईनीत ३ महिने म्हणजे गाडीचे तीन हप्ते, आणि फायनान्सवाला चौथ्यासाठी दारात.

लढावं की कबूल करावं, हा प्रश्न पडायलाही ऐपत लागते. आमच्यातला माणूस कोर्टात जातो, नाव पुकारलं की "हो साहेब" म्हणतो, दंड भरतो आणि संध्याकाळच्या विमानतळाच्या भाड्याला पळतो. काय कबूल केलं तेही त्याला माहीत नसतं. पुण्यात २०२४ ला पोर्शेवाल्या पोराला ३०० शब्दांचा निबंध सांगितला होता. आमच्यावर अशी वेळ आली असती तर निबंध नाही, कोठडी. चालत जाणाऱ्या ताईंचं बरोबर, वकीलसाहेबांचंही बरोबर, पण दोघांचंही म्हणणं गाडीत मागे बसणाऱ्यांसाठी आहे.

सातासमुद्रापलीकडे

मी कॅनडात असतो. नौपाडेकर, फॉर्मची भीती बरोबर आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी धरून बसलाय. कित्येक ठिकाणी प्रश्न नुसता 'शिक्षा झाली का' असा नसतो, 'कधी अटक किंवा आरोप झाला का' असाही असतो. म्हणजे निर्दोष सुटला तरी लिहावंच लागणार. आपल्याकडे सरकारी नोकरीच्या साक्षांकन अर्जातही (पूर्वचारित्र्य तपासायला भरून घेतात तो) तसंच. अवतार सिंग (२०१६) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणारा ते दुर्लक्षित करू शकतो. घात करते ती लपवालपवी. तेव्हा भाच्याला एक गोष्ट आत्ताच शिकवा: आजपासून प्रत्येक फॉर्मवर खरं लिहायचं आणि निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवायची. बाकी कबूल करा नाहीतर लढा, कागद दोन्हीकडे लागणारच.

जुईनगरचा_जय

म्हणजे फिरून तिथेच आलो ना? अटक लिहावीच लागणार, साक्षीदार आहे, खटला चालेपर्यंत पासपोर्ट लटकलेला. कबूल करा आणि सुटा.

काळा_कोट

थांबा, मधली एक वाट कुणीच काढली नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्ह्याची कैद २ वर्षांच्या आतली असेल, तर कलम ३ खाली कोर्ट शिक्षा न देता समज देऊन सोडू शकतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावरही सोडता येतं. आणि कलम १२ सांगतं की असा लाभ मिळालेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली जाते असा याचा अर्थ नाही, तिचं शेपूट कापलं जातं. मृत्यू झालेल्या प्रकरणांत हा लाभ देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग (२०००) मध्ये बजावलंय. इथे तसं काही नाही.

पण हे मागावं लागतं, तोंडी नव्हे, लेखी अर्जाने, आणि कबुलीच्या वेळीच. 'दुपारी जेवायला घरी' पद्धतीत ते कुणी मागत नाही. पुरावा कच्चा असेल तर लढा. पक्का असेल, आणि नौपाडेकरांच्या वर्णनावरून मला तो बऱ्यापैकी पक्का वाटतो, तर हा अर्ज घेऊन कबूल करा.

चालत_जाणारी

समज कोण देणार, न्यायाधीश? मग निदान पोराला स्वतः उभं करा. वकिलाने पुढे होऊन "अशिलाला कबूल आहे" म्हणायचं आणि हा मागे मोबाईल बघत बसणार, असं नको.

नौपाडेकर

कबुली त्यालाच विचारतात, वकिलाच्या आड लपता येत नाही. त्याला दोषारोपपत्र वाचायला दिलंय. ताईला नवा वकील हवाय हे आज पटलं, जुन्याची फी बुडाली म्हणून भावोजी नाराज आहेत. पुढच्या तारखेला मुदत घेऊ, मग ठरवू. कबूल करायला माझा विरोध नव्हता, न वाचता करायला होता. आणि चालत जाणाऱ्या ताई, गाडी सोडवून आणली तरी किल्ली माझ्याकडे राहणार आहे.

पिवळी_पट्टी

वकीलसाहेब, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या स्टँडवरच्या एकाला लायसन निलंबनाची नोटीस आलीय आरटीओची. उत्तर मराठीत दिलं तर चालतं का? आणि न देता नुसतं गेलं तर?

काळा_कोट

मराठीत बिनधास्त द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय निलंबन करता येत नाही, म्हणून उत्तर लेखीच द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील आहे. नोटीशीवरची तारीख काय आहे?

पिवळी_पट्टी

फोटो मागवतो त्याच्याकडून. आत्ता पनवेलच्या भाड्यावर आहे तो.