‘नुसतं डावीकडे वळायचं’: ओव्हलवर कसब लागतं की नाही?

फॉर्म्युलावेडा: काल नॅस्कार, म्हणजे ती अमेरिकन मोटार शर्यत, बघितली. पाचशे मैल तेच ते! स्टिअरिंग डावीकडे धरून बसायचं, यात ड्रायव्हरचं कसब कुठे आलं? ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, कुणालाही जमेल.

शार्लटकर: ‘कुणालाही जमेल’ वाचून राहवलं नाही. हुआन पाब्लो मोंतोया फॉर्म्युला वनच्या ७ शर्यती जिंकून इकडे आला. नॅस्कारच्या सर्वोच्च कप सिरीजमध्ये जिंकला फक्त २, सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही रोड कोर्स, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेले ट्रॅक. ओव्हलवर एकही नाही.

डार्लिंग्टनचा ओव्हल घ्या. जमीन विकणाऱ्याने त्याचं माशांचं तळं बुजवू दिलं नाही, म्हणून ट्रॅकचं एक टोक आवळून बांधलं. १९५० पासून तो अंड्यासारखाच आहे. एका टोकाला बँकिंग, म्हणजे वळणाचा आडवा उतार, २५ अंश, दुसऱ्या टोकाला २३. इकडच्या वळणांसाठी गाडी बसवली की तिकडे ती लूज तरी होते (मागची बाजू घसरते), नाहीतर टाइट (पुढची चाकं वळत नाहीत). सर्वात वेगवान मार्ग भिंतीला खेटून जाते. त्यात डांबर टायर खातं, त्यामुळे मघाशी जिथे थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला तिथे आता सोडून चालत नाही.

फॉर्म्युलावेडा: याच मोंतोयाने इंडियानापोलिस ५०० दोनदा जिंकली, २००० आणि २०१५ ला. तोही ओव्हलच ना? मग दोष ओव्हलचा की त्या जड गाडीचा?

शार्लटकर: जड गाडी आणि ओव्हल एकत्र आले की खरी परीक्षा. दीड टनाच्या आसपासचं धूड, वर डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, इंडियानापोलिसला धावणाऱ्या इंडीकारपेक्षा कितीतरी कमी.

जुना_चाहता: डार्लिंग्टनबद्दल पूर्ण सहमत. पण टॅलाडेगाच्या अतिवेगवान ओव्हलला कसब म्हणू नका. १९८७ ला बिल एलियटने तिथे ताशी २१२.८०९ मैलांनी क्वालिफाय केलं, त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी उडून कुंपणावर आदळली. पुढच्या वर्षी इंजिनात जाणारी हवा रोखून वेग कमी करणारी रिस्ट्रिक्टर प्लेट आली, सगळ्यांचा वेग सारखाच झाला आणि सगळे झुंडीत अडकले. आता तर इंधन वाचवायला अर्ध्या थ्रॉटलवर फिरतात. ही शर्यत? नुसती लॉटरी!

ड्राफ्टवाली: लॉटरी म्हटलं की माझं डोकं फिरतं. डेल अर्नहार्ट तिथे १० वेळा जिंकला. २००० साली शेवटच्या ५ लॅप्समध्ये १८ व्या नंबरवरून पहिला आला. लॉटरी एकाच माणसाला दहादा लागते का? मागच्या गाडीच्या हवेचा रेटा कधी घ्यायचा, शेजारच्याला मागे खेचायला त्याच्या स्पॉयलरवर (मागच्या पट्टीवर) हवा कधी टाकायची, हे त्याला कळत होतं.

जुना_चाहता: अर्नहार्टचं मला सांगू नका. २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या लॅपला तो अपघातात गेला तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. झुंडीचं कौतुक मला ऐकवत नाही.

ड्राफ्टवाली: त्या दिवसाचं दुःख मलाही आहे. त्यानंतरच ड्रायव्हरची मान-डोकं सावरणारं हान्स सक्तीचं झालं, धडक झेलणाऱ्या सेफर बॅरिअर भिंती लागल्या. पण म्हणून त्याचं कसब खोटं ठरत नाही.

शार्लटकर: मूळ मुद्द्यावर या. मार्टिन्सव्हिलच्या ओव्हलला वळणाजवळ बसलो होतो, ब्रेक डिस्क लालभडक दिसत होत्या. जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, ब्रेक थंड व्हायला सवडच नाही. आपला नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये तिथेच उतरला आणि पहिल्याच शर्यतीत १३ वा आला. फॉर्म्युला वनवाल्याला त्याचं मोल कळायला हवं.

फॉर्म्युलावेडा: बरं, ‘कुणालाही जमेल’ हे मागे घेतो. कंटाळा येतो, ते मागे घेणार नाही.

जुना_चाहता: अर्ध्या थ्रॉटलचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.