चार पितळी नळांपायी पोरगा आर्थर रोडच्या तुरुंगात जाईल का?

करी रोडला चाळीत राहते. परवा पहाटे साडेपाचला पाणी आलं आणि मोरीतल्या उघड्या पाइपांतून भळाभळा वाहून गेलं. चारही पितळी नळ गायब. भंगारवाल्याकडे सापडले. विकणारा तळमजल्यावरचा, १९ वर्षांचा. आई तीन घरची धुणीभांडी करते. दहावीला तो माझ्याकडे गणिताला यायचा. वर्षभर 'बटन', म्हणजे नशेच्या गोळ्या, खातोय हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, मीही नाही. आता पोलीस घेऊन गेलेत. कमिटी म्हणते, आत गेला की सुधारेल. मला हे अजिबात पटत नाही. तुरुंगाऐवजी उपचार, समाजसेवा असं काही होतं का?

भोईवाडा कोर्टातला वकील: ताई, आधी एफआयआरमधलं कलम बघा. न्याय संहितेचं ३०३(२), म्हणजे साध्या चोरीचं, असेल, माल ५,००० रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल परत मिळालेला, तर दोषी ठरला तरी शिक्षा सामुदायिक सेवेचीच. १ जुलै २०२४ पासून तशी तरतूद आहे. राहत्या घरातली चोरी म्हणून ३०५ लावलं असेल तर ही सवलत नाही, जामीनही कोर्टाच्या मर्जीवर. तरी तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा १९५८चा प्रोबेशन कायदा आहेच. २१च्या आतल्या मुलाला तुरुंगात धाडायचं तर कोर्टाला प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावा लागतो, कारणं लिहावी लागतात. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधा. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

शिवडीकर: कोर्टाचं नंतर. गोळ्या एकदम तुटल्या की फिट येऊ शकते. माझ्या भावाला कोठडीत दुसऱ्या रात्री आली होती, तो नाटक करतोय असं समजले. आत्ता जाऊन ड्युटीवरच्या साहेबांना सांगा, डॉक्टरला दाखवायला लावा. पुढे टाटा इन्स्टिट्यूटच्या 'प्रयास'ला गाठा, १९९० पासून ते कैद्यांसाठी काम करतात.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. रात्रीच गेले, हात थरथरत होते त्याचे. डॉक्टरला दाखवलं. कलम ३०५ आहे. आईने दाखला पत्र्याच्या ट्रंकेतून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे हजेरी देईल, असं मी कोर्टाला लिहून द्यायला तयार आहे. असं पत्र चालतं का, वकीलसाहेब?

भोईवाडा कोर्टातला वकील: चालतं. सही करून घेऊन या, आणि शक्य असेल तर स्वतः उभ्या राहा.