पंधरा वर्षं टेबलावर, आता पुन्हा वॉर्डात: पहिले सहा आठवडे मला ड्युटी यादीत धरू नका

टेबलवाली_सिस्टर
मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमा केलेली नर्स. २००१ ते २००९ मेडिकल वॉर्ड आणि आयसीयू केलं. मग मुलगी झाली, नाईट जमेना, म्हणून टीपीए कंपनीत (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) कॅशलेस क्लेमच्या फायली तपासायला बसले ती बसलेच. (फायलींनी एक शिकवलं. नर्सिंग नोट्स वाचल्या की कोण खरंच बेडजवळ गेलं आणि कोणी पहाटे पाचला बसून रात्रभराचं बीपी १२०/८० भरलं, ते कळतं.)

आता पुन्हा पेशंटजवळ जायचंय. शंभर खाटांच्या एका रुग्णालयात मुलाखत झाली. मेट्रन म्हणाल्या, दोन दिवस ओरिएंटेशन, तिसऱ्या दिवसापासून नाईट. मी म्हटलं, सहा आठवडे मला यादीत धरू नका, कुणाच्या तरी हाताखाली ठेवा. त्या हसल्या. "आठ वर्षांचा अनुभव असून घाबरता?"

हो, घाबरते. सगळे म्हणतात हात विसरत नाहीत. माझे हात विसरलेले नाहीत, भीती त्याचीच आहे. ते न विचारता २००९ सालचं काम करून मोकळे होतील. आमच्या वॉर्डात तेव्हा इन्सुलिन म्हणजे चाळीसची व्हायल (एका मिलीत चाळीस युनिट) आणि तिच्याच मापाची लाल टोपणाची सिरिंज, दुसरं काही नसायचंच. आज शंभरची व्हायल हातात आली आणि सवयीने लाल टोपण उचललं, तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट जाणार. सीपीआरचंही तसंच. आम्ही ए-बी-सी घोकलं, आधी श्वासमार्ग. २०१०ला क्रम उलटला, आधी छाती दाबायची. मला हे वाचून माहीत आहे, पण मध्यरात्री वाचलेलं आठवेल की घोकलेलं?

माझं मत स्पष्ट आहे. पाच वर्षांहून जास्त काळ बेडपासून लांब असलेल्या कुणालाही एकटीला वॉर्डात सोडू नये, मग अनुभव कितीही असो.

इनचार्ज_तीस_खाटा
ताई, तुमचं बरोबर आहे, पण कागदावर. माझ्याकडे तीस खाटा, रात्रीला दोन स्टाफ, त्यातली एक सहा महिन्यांपूर्वी पास झालेली. तुम्ही "यादीत नाही" म्हणून आलात तर तुम्हाला शिकवणार कोण? मीच. आणि वरचे म्हणणार, तुमच्याकडे तर तीन जणी आहेत.

दुसरं, तुम्ही स्वतःला फार कमी लेखताय. बीपी ८० आलं की फ्रेशर मशीन बदलून बघते. जुनी बाई आधी पेशंटच्या पायाला हात लावते, गार आहेत का बघते, लघवी किती झाली विचारते. शिरेत कॅन्युला (सलाईनची नळी) घालायचा हात पंधरा दिवसांत पुन्हा बसेल. कुठला कचरा कुठल्या पिशवीत ते भिंतीवर लिहिलेलं असतं. पाय बघायची सवय मी कुणाला सहा आठवड्यांत लावू शकत नाही. मला तुम्ही उद्या चालाल, गंजलेल्या हातांसकट.

ब्रदर_सोलापूर
दोघींनाही पगार आठवत नाहीये. सहा आठवडे हाताखाली म्हणजे ऑर्डरवर "ट्रेनी" लिहिणार, आणि ते सहा महिने तसंच राहणार. २०१६ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा किमान २०,००० द्या म्हणून सुचवलं. तुमच्या गावात कोण देतं ते विचारून बघा. आपणहून "मला कमी येतं" म्हणायची गरज नाही मॅडम. पुढचं ते लिहून घेतात.

बेड_चौदाचा_मुलगा
मी या क्षेत्रातला नाही, नातेवाईक म्हणून लिहितो. रुग्णालयाचं नाव घेत नाही. वडिलांचा सिरिंज पंप (औषध हळूहळू सोडणारं यंत्र) वाजत होता. आलेल्या सिस्टर वयाने मोठ्या, आत्मविश्वासाने अलार्म बंद करून गेल्या. आम्ही निर्धास्त. नळी दुमडली होती, ते पुढच्या पाळीच्या पोरीने पाहिलं. ती पोरगी पहिल्यांदा आली असती तर आम्ही दहा प्रश्न विचारले असते. पिकलेले केस बघून कुणी विचारत नाही. म्हणून माझं मत टेबलवाली ताईंना.

इनचार्ज_तीस_खाटा
दादा, त्या बाई पंधरा वर्षांनी परत आलेल्या होत्या की रोजच्याच? अलार्म बंद करून जाणाऱ्या रोजच्यातही आहेत. बारा पंप एकदम वाजतात तेव्हा.

बेड_चौदाचा_मुलगा
ते माहीत नाही. मान्य.

लेस्टरची_कोल्हापूरकर
इकडे इंग्लंडात तीन वर्षांत ४५० तास काम भरलं नाही तर नोंदणी पुढे चालू राहत नाही. मग परीक्षा तरी द्या नाहीतर परतीचा कोर्स तरी करा. मी चार वर्षं घरी होते, कोर्स केला. त्या काळात वॉर्डच्या संख्येत धरत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलीने माझी ड्रेसिंगची पद्धत सुधारली तेव्हा कान लाल झाले होते, पण त्याने मी मेले नाही. आपल्याकडे पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला सीएनईचे, म्हणजे नर्सच्या पुढच्या शिक्षणाचे तास. ते हॉलमध्ये बसून भरतात, पेशंटला हातही न लावता.

टेबलवाली_सिस्टर
अगदी. माझी नोंदणी आजही चालू आहे. कागदावर मी कालच वॉर्डातून उतरले.

ब्रदर_सोलापूर
तिकडचं तिकडे. इथे सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स हा निकष आहे, इनचार्ज मॅडमकडे पंधरामागे एक आहे. आधी ते भरा, मग कोर्सचं बोलू.

टेबलवाली_सिस्टर
काल पुन्हा जाऊन आले. इनचार्ज ताईंचं "शिकवणार कोण" डोक्यात बसलं होतं, म्हणून मागणी बदलली. दिवसपाळीत पहिल्या दिवसापासून धरा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), स्पंजिंग, फीडिंग, इनटेक-आऊटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली), सगळं करते, पगार पूर्ण. पण महिनाभर नाईट नाही. आणि इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, ही डोस चुकला तर जिवावर बेतणारी औषधं दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय मी देणार नाही. मेट्रन म्हणाल्या, ठीक आहे, पण लेखी नाही देणार.

ब्रदर_सोलापूर
तोंडी हो म्हणजे पहिल्या शॉर्ट स्टाफच्या रात्री नाही.

टेबलवाली_सिस्टर
माहीत आहे. पोटॅशियमची अट तरी मी तेव्हाही सोडणार नाही, नाईटचं बघू. सोमवारी जॉइन. पांढरे बूट आणायचेत.

इनचार्ज_तीस_खाटा
चालत असतील तर काळे घ्या, बीटाडीन निघत नाही. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, मोबाइलवर पल्स मोजत बसू नका. पहिल्याच दिवशी कुणी व्हेन मिळत नाही म्हणून तुम्हाला हाक मारली तर बिनधास्त जा.