हेवी इक्विपमेंटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा का?

पिओरियावासी
आम्ही इलिनॉयमध्ये पिओरियाला राहतो. इथल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही अवजड यंत्रे बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीमुळेच इकडे आलो. मुलाचे यंदा हायस्कूल संपत आहे आणि इंजिनिअरिंगऐवजी ईस्ट पिओरियाच्या इलिनॉय सेंट्रल कॉलेजात अवजड यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण घ्यावे, असे त्याने मनाशी ठरवले आहे. त्याच्या आवडीबद्दल शंका नाही. परंतु चाळिशीनंतर अंगमेहनत झेपेनाशी झाली तर काय, आणि पुढे पदवी घ्यावीशी वाटली तर हे शिक्षण धरले जाईल का, हे जाणकारांनी सांगावे.

पानापेटी
अशी यंत्रे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी टेक्निशियन आहे. थिंकबिगसारख्या (डीलरांसाठी टेक्निशियन घडवणाऱ्या कॅटरपिलरच्या अभ्यासक्रमासारख्या) कार्यक्रमात विद्यार्थ्याला एखाद्या डीलरने पुरस्कृत करावे लागते. त्यानंतर काही आठवडे वर्ग आणि काही आठवडे त्याच डीलरकडे पगारी काम, असे आलटून-पालटून चालते. म्हणून कॉलेजइतकीच चौकशी डीलरचीही करावी. हत्यारांची पेटी बहुधा स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते आणि तो खर्च किरकोळ नसतो.

हे काम निव्वळ ताकदीचे आहे, असे मात्र समजू नये. एक्सकॅव्हेटरची बूम, म्हणजे मुख्य बाहू, संथ उचलली जात असेल, तर दोष पंपात आहे, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये आहे, सिलिंडरच्या सीलमध्ये आहे की एखादा सेन्सरच चुकीचा संकेत देत आहे, हे गेज लावून दाब मोजल्याशिवाय आणि हायड्रॉलिक सर्किटची आकृती वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. अंदाजाने पंप बदलला आणि दोष तसाच राहिला, तर पंपाचे पैसे जातातच, शिवाय यंत्र आणखी काही दिवस साइटवर उभे राहते. डिझेल इंजिनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या अमेरिकेच्या टिअर ४ नियमांनंतर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची भर पडल्यामुळे लॅपटॉप पान्ह्याइतकाच हाताळावा लागतो.

कंबर आणि गुडघे झिजतात, हे खरे आहे. चाळिशीपर्यंत दोष शोधण्यात नाव झाले असेल, तर फोरमन, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर किंवा प्रशिक्षक होता येते. जो केवळ भाग बदलत राहिला, त्याला या जागा सहसा मिळत नाहीत.

ओहायोकर
पदवीबद्दल सांगतो. नेहमीच्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये या अभ्यासक्रमाची फारच थोडी क्रेडिट्स धरली जातील, असे गृहीत धरावे. मिशिगनमधील फेरिस स्टेट आणि कॅन्ससमधील पिट्सबर्ग स्टेट या विद्यापीठांत मात्र याच क्षेत्रातील पदवीशिक्षण आहे. कॉलेजात असतानाच कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र घेतले, तर इंजिनिअरिंगची वाटही बंद होणार नाही.

कृष्णाकाठ
माझा पुतण्या सांगलीत डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करतो आहे. त्याला या शिक्षणासाठी तिकडे पाठवावे का?

ओहायोकर
त्याचा हिशेब वेगळा आहे. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, जास्तीत जास्त १२ महिने काम करता येते. स्टेमची, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या विषयांसाठीची, वाढीव मुदत बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच मिळते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी नोकरीच बॅचलर पदवीची गरज असलेली लागते, ज्यात मेकॅनिकचे काम सहसा बसत नाही. कुशल कामगारांना ग्रीन कार्डसाठी पुरस्कृत करता येते, परंतु भारतीयांना त्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. कर्ज काढून पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.