राष्ट्रीय क्रमवारीतील क्रमांक पाहून महाविद्यालय निवडावे का?

मेधा, सिंहगड रस्ता (प्रश्न)

माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला संख्याशास्त्रात बी.एस्सी. करायचे आहे. यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. तिच्या आजोबांच्या मते शहरातील जुन्या अनुदानित महाविद्यालयाला पर्याय नाही. तिच्या बाबांनी मात्र शहराबाहेरील एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक आणून ठेवले आहे, कारण राष्ट्रीय क्रमवारीत त्या विद्यापीठाचा क्रमांक या महाविद्यालयाच्या क्रमांकापेक्षा बराच वरचा आहे. तो क्रमांक बाह्यवळण मार्गावरील फलकावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत झळकतो. तो कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गटातील आहे, हे मात्र खालच्या कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरांत छापले आहे की चालत्या गाडीतून ते वाचता येत नाही. दोन्हींच्या शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यातच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २०२४ मध्ये २३व्या स्थानी होते आणि २०२५ मध्ये ते ५६व्या स्थानी गेले, हे वाचल्यापासून बाबांची बाजू अधिकच भक्कम झाली आहे. एका वर्षात एखाद्या विद्यापीठाचा दर्जा खरोखर इतका घसरू शकतो का? आणि घसरत नसेल, तर या क्रमवारीवर विश्वास ठेवावा तरी किती? शिक्षणक्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तासिका

मेधाताई, मी एका संलग्न महाविद्यालयात शिकवतो आणि क्रमवारीसाठी माहिती भरणाऱ्या समितीवर काही वर्षे काम केले आहे, म्हणून प्रथम एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्या घरात ज्या दोन क्रमांकांची तुलना चालली आहे, त्यांची मुळात तुलनाच होऊ शकत नाही. एनआयआरएफ म्हणून ओळखली जाणारी ही क्रमवारी केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये तिची पहिली यादी आली. तिच्यात विद्यापीठांचा गट वेगळा असतो, महाविद्यालयांचा वेगळा, अभियांत्रिकीचा वेगळा. खासगी विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत आहे आणि आजोबांचे महाविद्यालय महाविद्यालयांच्या यादीत. दोन स्वतंत्र वर्गांतील पटक्रमांक शेजारी ठेवून कोणता विद्यार्थी हुशार हे ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट पुणे विद्यापीठाच्या घसरणीची. तो क्रमांक विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारातल्या विभागांचा आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलेल्या संलग्न महाविद्यालयांतील अध्यापनाशी त्याचा थेट संबंध नाही आणि पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी तर तिथेच शिकतात. आपली मुलगी स्वायत्त महाविद्यालयात गेली, तर तिचा अभ्यासक्रम त्या महाविद्यालयाचे अभ्यासमंडळ ठरवील, परीक्षाही तेच घेईल आणि विद्यापीठाचे नाव पदवी प्रमाणपत्रावर येईल.

आता घसरण खरी की खोटी, याविषयी. विद्यापीठांच्या गुणांकनात अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या निष्पत्तीला (म्हणजे किती जण अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडतात याला) २० टक्के आणि सर्वसमावेशकता व लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के भार असतो. अध्यापनाच्या निकषात विद्यार्थ्यांमागे किती पूर्णवेळ शिक्षक आहेत हे पाहिले जाते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांमध्ये प्राध्यापकांची मंजूर पदे शासनमान्यतेच्या प्रतीक्षेत वर्षानुवर्षे रिक्त राहतात, प्राध्यापक निवृत्त होत जातात आणि त्यांचे वर्ग आमच्यासारख्या तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसांकडून चालवून घेतले जातात. शिक्षक कमी झाले की प्रमाण बिघडते, संशोधनाचे मार्गदर्शक घटतात, पीएच.डी. पूर्ण करणारेही घटतात आणि एकाच रोगाची लक्षणे दोन-तीन निकषांत एकदम दिसू लागतात. दर्जा एका वर्षात कोसळला नाही. तो कित्येक वर्षे झिजत होता आणि आकड्यांत एकदम उमटला. त्यामुळे ‘क्रमवारी चुकीची आहे’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ही घसरण ज्यांनी वाचायला हवी ते मंत्रालयात बसतात. आपल्या मुलीच्या प्रवेशाशी तिचा संबंध थोडाच आहे.

परभणीहून पुण्यात

वरील विवेचन योग्य असले, तरी क्रमवारीवर टीका करणे पुण्यातील जुन्या घरांना सोपे जाते, हेही नोंदवले पाहिजे. ज्यांचे आजोबा, काका, मामा इथल्याच महाविद्यालयांत शिकले, त्यांना कोणता विभाग चांगला आहे आणि कोणता फक्त नावावर चालतो, हे जेवणाच्या ताटावर कळते. माझ्यासारख्या परभणीच्या मुलाला ते कोण सांगणार होते? आमच्याकडे पुण्यातील चार महाविद्यालयांची नावे ऐकून माहीत होती आणि पाचवे कोणते असू शकते, याची कल्पनाही नव्हती. क्रमवारी नव्हती तेव्हा निवड गुणवत्तेवर होत होती असे नाही. ती ऐकीव लौकिकावर होत होती आणि त्या लौकिकाला कोणी कधी पुरावा मागितला नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या दगडी इमारतींना आपण आपोआप गुण देतो. त्या इमारतींच्या आत आज कायमस्वरूपी शिक्षक किती उरले आहेत, प्रयोगशाळेत शेवटची खरेदी कधी झाली, हे विचारणे उद्धटपणाचे मानले जायचे. क्रमवारीने निदान तो प्रश्न छापील स्वरूपात विचारला. सहभागी संस्थेने आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवलीच पाहिजे, ही अट माझ्या मते संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची आहे. क्रमांक फसवा असेलही, पण त्यामागची माहिती पूर्वी आपल्याला मिळतच नव्हती.

मध्यक

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि प्रश्न संख्याशास्त्राच्या प्रवेशाचा असल्याने थोडे गणित मांडतो. कल्पनेतील दोन महाविद्यालये घ्या. ‘अ’ला अध्यापनात ८० आणि संशोधनात ३० गुण आहेत. ‘ब’ला अध्यापनात ६० आणि संशोधनात ७०. इतर निकषांत दोघे समान आहेत असे धरा. अध्यापनाला ४० टक्के आणि संशोधनाला २० टक्के भार दिला, तर दोघांचे या दोन निकषांतील गुण ३८ येतात, म्हणजे बरोबरी. दोन्हींना ३० टक्के भार दिला, तर ‘अ’ला ३३ आणि ‘ब’ला ३९ गुण मिळतात आणि यादीच्या मधल्या भागात, जिथे शेजारच्या संस्थांमधील अंतर बहुधा दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत असते, तिथे सहा गुणांचा फरक संस्थेला कितीतरी पायऱ्या खाली नेऊन ठेवू शकतो. शिक्षक तेच, विद्यार्थी तेच, प्रयोगशाळा तीच. बदलला तो समितीच्या बैठकीत ठरलेला भार. हा भार निसर्गनियमातून येत नाही. शांघायच्या जागतिक क्रमवारीत, जी २००३ पासून निघते, माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या नोबेल व गणितातील फील्ड्स पारितोषिकांना मिळून ३० टक्के भार आहे. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत शिक्षणक्षेत्रातील लौकिकाला अनेक वर्षे ४० टक्के होते, नंतर ते ३० टक्के करण्यात आले. म्हणजे पहिलीत पारितोषिक नसलेली संस्था मागे पडते आणि दुसरीत जिचे नाव परदेशी प्राध्यापकांच्या कानावर नाही ती.

दुसरा प्रश्न आकडे कुठून येतात याचा. शोधनिबंधांची संख्या बाहेरच्या माहितीसंचांतून घेतली जाते, पण विद्यार्थी, शिक्षक, खर्च आणि नोकऱ्या यांची माहिती संस्था स्वतःच भरतात. याचे काय होऊ शकते, हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी तिथल्या प्रसिद्ध राष्ट्रीय क्रमवारीसाठी पाठवलेले आकडे तपासून जाहीर शंका घेतली. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के असल्याचे विद्यापीठाने कळवले होते. पुढे विद्यापीठानेच प्रसिद्ध केलेल्या माहितीत ते प्रमाण ५७.२ टक्के निघाले. दुसऱ्या स्थानावरचे विद्यापीठ त्या वर्षी अठराव्या स्थानी आले. एका शिक्षकाने हिशेब मागितला नसता, तर कोणाला काही कळले नसते. आपल्याकडेही २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह सात आयआयटींनी पारदर्शकतेचा मुद्दा पुढे करून टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाच्या जागतिक क्रमवारीत सहभागी होण्यास नकार दिला होता. अर्थात वरच्या क्रमांकाच्या संस्थेला असा नकार परवडतो.

शोधनिबंधांच्या मोजणीचे वेगळेच प्रताप आहेत. संख्येला गुण मिळू लागताच संख्या वाढली आणि ती कशी वाढली, हे पुण्यात तरी कोणाला सांगायला नको, कारण संशोधन नियतकालिकांतून बनावट गाळून विश्वासार्ह कोणती याची छाननी करणारा ‘केअर’ यादीचा कक्ष आपल्याच विद्यापीठात काम करत होता. २०२५च्या क्रमवारीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण वजा करण्याची तरतूद आली. ती स्वागतार्ह आहे, पण दुखणे किती बळावले होते, हेही तीच सांगते.

येरवड्याची प्राकृतवाली

चर्चा विज्ञान आणि अभियांत्रिकीभोवती फिरत आहे, म्हणून एक वेगळे उदाहरण देते. आमच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम चालू आहे. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ संदर्भासह एकेका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या कपाटांत क्रमाने लावून ठेवलेल्या आहेत. त्या दालनात उभे राहून एक खण ओढला, तर एकाच धातूच्या रूपांच्या शेकडो चिठ्ठ्या निघतात, आणि त्यांवर तीन पिढ्यांची हस्ताक्षरे दिसतात. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि छापील खंडांत अजून ‘अ’ हेच अक्षर संपलेले नाही.

गेल्या तीन वर्षांतील शोधनिबंध आणि त्यांना मिळालेली उद्धरणे (इतर संशोधकांनी त्यांचे दिलेले संदर्भ) मोजणाऱ्या कोष्टकात हे काम कुठे बसवायचे? एका नोंदीसाठी आठवडे खर्च करणारा संपादक त्या कोष्टकात निष्क्रिय ठरतो. उत्खननाचेही तेच: हंगामामागून हंगाम खोदकाम, मग खापरांचे वर्गीकरण आणि शेवटी एक जाडजूड अहवाल, जो उद्धरणांच्या माहितीसंचात सापडेलच असे नाही. मध्यक यांनी भाराविषयी लिहिले, पण ज्या गोष्टीसाठी रकानाच नाही तिला कितीही भार दिला तरी उत्तर शून्यच येणार. मराठीतून लिहिलेल्या चांगल्या संशोधनाचीही हीच गत आहे.

मेधा, सिंहगड रस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटच वेगळे आहेत हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. ते वाचून दाखवल्यावर आजोबा खूश झाले. मात्र परभणीकरांचा मुद्दा वाचल्यावर ते गप्प बसले, कारण त्यांच्या महाविद्यालयात आज संख्याशास्त्राचे किती शिक्षक आहेत, हे त्यांनाही ठाऊक नाही. क्रमांक बाजूला ठेवला, तर नेमके काय पाहावे?

तासिका

मेधाताई, परभणीकरांनी उल्लेख केलेली माहितीच वाचा. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळावर ‘एनआयआरएफ’ या दुव्याखाली पीडीएफ मिळेल. तिच्यातील शिक्षकांची यादी सावकाश वाचावी. प्रत्येकाचे नाव, पद, अर्हता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडून गेला असल्यास तीही तारीख तिथे असते. रुजू होण्याच्या बहुतेक तारखा अलीकडच्या असतील आणि सोडून जाणाऱ्यांची रांग लांब असेल, तर त्या संस्थेत माणसे टिकत नाहीत, मग इमारत कितीही चकचकीत असो. दोन-तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी ठेवल्या, तर हे अधिक स्पष्ट दिसते. ही यादी संपूर्ण संस्थेची असते, त्यामुळे तीतून संख्याशास्त्राची नावे विभागाच्या पानावरून पडताळून घ्यावी लागतील.

त्यानंतर किती पदवीधरांना नोकरी मिळाली आणि किती जण उच्च शिक्षणाकडे वळले, हे रकाने पाहावेत. वेतनाचा आकडा मध्यकाचा (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळते तो) दिलेला असतो, सर्वाधिक वेतनाचा नसतो, आणि माहितीपत्रकावरील ‘पॅकेज’शी तो ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. संख्याशास्त्रापुरते बोलायचे, तर बी.एस्सी. हा बहुतेकांसाठी पहिला टप्पा असतो, म्हणून उच्च शिक्षणाच्या रकान्याला मी जास्त महत्त्व देईन.

कागदावर न दिसणारे मात्र तिथे जाऊनच कळेल. मुलीला सोबत घेऊन विभागात जावे, प्रयोगवहीत हाताने केलेल्या आकडेमोडीबरोबर ‘आर’ किंवा पायथन या संगणकीय भाषांत केलेले काम आहे का ते पाहावे आणि तृतीय वर्षाच्या दोन-तीन मुलांना विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर गाठून एवढेच विचारावे की, गेल्या सत्रात किती तास प्रत्यक्षात झाले आणि ते कोणी घेतले.

मध्यक

एक पुरवणी. खासगी विद्यापीठात पहिल्या वर्षाचे शुल्क विचारून थांबू नये. दरवर्षी वाढ किती होते आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हे लेखी घ्यावे. दोन्हीकडे जाण्याआधी तृतीय वर्षाचा अभ्यासक्रमही उतरवून घ्यावा, म्हणजे मुलीला तिथल्या शिक्षकांशी बोलताना विचारायला काहीतरी हाती असेल.