दारुहळद: यातली ‘दारु’ कोणती, ‘हळद’ कोणती?

रानजाई: काष्ठौषधीच्या दुकानातून आईसाठी दारुहळद आणली. पुडीवर ‘दारूहळद’ छापलंय आणि आत पिवळ्या लाकडाचे तुकडे आहेत. ही हळदीचीच जात का? आणि ‘रु’ ऱ्हस्व की दीर्घ?

कातळ: ऱ्हस्व. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे लाकूड, देवदारातलं तेच. तत्सम शब्द समासात आधी आला की त्याचा उकार ऱ्हस्वच राहतो: गुरुदक्षिणा, तशी दारुहळद. पिण्याची दारू फारसीतून आली. तिथे त्या शब्दाचा अर्थ औषध असाही आहे, आपल्या ‘दवादारू’त तो अजून टिकलाय. दोन्ही शब्द वेगळे ओळखू यावेत म्हणून हा ऱ्हस्व सांभाळायलाच हवा.

पाणपोई: हळदीशी हिचं नातं रंगापुरतं. हळद आल्याच्या कुळातली, तर ही हिमालयातली काटेरी झुडूप. आयुर्वेदात ‘निशाद्वय’ म्हटलं की या दोघी. हिचं मूळ, खोड कापलं की आत लख्ख पिवळं दिसतं, तो रंग बर्बेरिन या द्रव्याचा.

कुमाऊंत हिला आणि हिच्या जवळच्या जातींना किल्मोडा म्हणतात, गढवालात किनगोड, हिमाचलात कश्मल. मी मुक्तेश्वरच्या बाजूला पाहिली. तिहेरी काटे म्हणजे मुळात रूपांतरित पानंच. पिवळ्या फुलांचे घोस लोंबतात. फुलातल्या पुंकेसराच्या बुडाला काडी लावली तर तो चटकन आत झेपावतो, मधमाशी बसली की तेच होतं आणि पराग तिच्या अंगाला लागतात. मी तिथे बसून कितीतरी फुलं अशी हलवून पाहिली! उन्हाळ्यात जांभळट, आंबटगोड फळं धरतात. ती मुलं खातात, पाखरंही खातात आणि बिया दूरवर पडतात.

कातळ: तमिळमध्ये ‘मरमंजळ’ म्हणजे शब्दशः झाडहळद, अगदी आपल्यासारखाच समास. पण ती वनस्पती निराळी, एक मोठी वेल. तिच्यातही बर्बेरिन असतं आणि दक्षिणेत दारुहळद म्हणून तीच विकली जाते. त्यामुळे नुसत्या नावावरून पुडीत नेमकं काय आहे ते कळत नाही.

रानजाई: मग ‘दारुहळदीचं पीक’ म्हणता येईल का?

पाणपोई: मी तरी नाही म्हणणार. हळद काढली की त्यातलाच गड्डा बेण्याला ठेवतो आणि पुढच्या वर्षी शेत पुन्हा उभं राहतं. दारुहळद बहुतेक रानातूनच येते, आणि मूळ खणून काढलं की झुडूपच जातं. बियांतून पुन्हा खणण्याजोगं झुडूप व्हायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून हळद ‘काढली’ म्हणा, दारुहळद ‘खणली’.